वाढीव हमीची पावती

दूरचित्रवाणी संच किंवा शीतकपाट निवडून, घासाघीस संपवून ग्राहक पैसे भरावयास खिडकीशी येतो आणि नेमक्या त्याच क्षणी विक्रेता विचारतो, "साहेब, एक्स्टेंडेड वॉरंटी घेणार ना?" ती घ्यावी की नाही, हे मला बरेच जण विचारतात. अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाला अशा गोष्टी ठाऊक असाव्यात, असा एक समज आहे. सर्वसाधारणपणे माझे उत्तर 'घेऊ नये' असेच असते. परंतु हा प्रश्न आपल्या दुकानांत कसा येऊन पोहोचला, याचा इतिहास त्या उत्तराहून अधिक उद्बोधक आहे.

'वॉरंटी' हा शब्द आपल्या कायद्यात जुना आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील मालविक्रीची कलमे वेगळी काढून, १८९३ च्या ब्रिटिश कायद्याच्या धर्तीवर माल विक्री अधिनियम करण्यात आला व तो १ जुलै १९३० रोजी अंमलात आला. त्याच्या १२ व्या कलमाने करारातील शर्तींचे दोन वर्ग पाडले. 'कंडिशन' मोडली तर खरेदीदार माल नाकारू शकतो. 'वॉरंटी' मोडली तर तो केवळ नुकसानभरपाई मागू शकतो. म्हणजे विक्रेता जो शब्द मोठ्या अभिमानाने उच्चारतो, तो कायद्याच्या दृष्टीने दोहोंपैकी दुबळा आहे! १६ व्या कलमाने मालाच्या दर्जाबद्दल काही गर्भित अटी घातल्या खऱ्या, पण ६२ व्या कलमाने त्या करारान्वये वगळण्याची मुभाही दिली. हमीपत्राच्या पाठीमागील बारीक अक्षरांचे कूळ येथे सापडते.

पुढे अनेक दशके या तरतुदींशी सामान्य कुटुंबाचा फारसा संबंध आला नाही. दिल्लीत दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाली, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी, आणि रंगीत चित्रे १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी आली. हैदराबादच्या सरकारी कारखान्याचा ईसी टीव्ही, उत्तर प्रदेशचा अपट्रॉन, केरळचा केल्ट्रॉन, शिवाय वेस्टन, डायनोरा ही नावे माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असतील. त्या काळी खरी हमी म्हणजे कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला. तो झाळण्याची कांडी घेऊन घरी येई, मागचे झाकण काढी आणि एखादा कपॅसिटर बदलून संच चालू करून देई. ज्या बाजारात माल मिळणे हेच भाग्य, तेथे विक्रेत्याने आश्वासन कशासाठी द्यावे? खोट्या हमीला अनुचित व्यापारी प्रथा ठरविणारी तरतूद मक्तेदारीविषयक कायद्यात १९८४ साली आली. ग्राहक संरक्षण अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती मिळाली ती २४ डिसेंबर १९८६ रोजी.

हमीचे अर्थशास्त्र समजून घेण्यास जॉर्ज अकेरलॉफ यांचा १९७० चा प्रसिद्ध निबंध उपयोगी पडतो. मालाचा दर्जा विक्रेत्याला ठाऊक असतो, ग्राहकाला नसतो. हमी ही दरी काही अंशी भरून काढते. वाईट माल विकणाऱ्याला दीर्घ हमी परवडत नाही, म्हणून जो ती देतो त्याच्या मालावर विश्वास ठेवण्यास आधार मिळतो. मात्र हा युक्तिवाद किमतीत अंतर्भूत असलेल्या हमीला लागू होतो. उत्पादक वातानुकूलन यंत्राच्या कॉम्प्रेसरला दहा वर्षांची हमी देतो, तेव्हा तो स्वतःच्या मालाविषयी काही सांगत असतो. वाढीव हमी वेगळे पैसे घेऊन विकली जाते, पुष्कळदा ती उत्पादकाची नसतेच. ती मालाविषयी काहीच सांगत नाही. तो निव्वळ विमा आहे, आणि विम्याच्याच निकषावर तिचे मोल ठरले पाहिजे.

चाळीस हजारांच्या संचावर चार हजारांची हमी घेतली आणि सरासरी दुरुस्ती आठ हजारांची धरली, तर पैसे वसूल होण्यासाठी त्या मुदतीत दर दोन संचांपैकी एक बिघडला पाहिजे. एवढा वाईट संच मुळात घ्यावाच का? त्यातही इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे बिघाड काळावर समान पसरलेले नसतात. सदोष सुटा भाग बहुधा पहिल्या काही महिन्यांत उघडा पडतो, झीज फार पुढे सुरू होते, आणि मधला काळ तुलनेने शांत जातो. अभियंते या आलेखाला बाथटबची उपमा देतात. पहिले वर्ष उत्पादकाच्या हमीत जाते. वाढीव हमी बहुतांशी त्या शांत काळावरच विकली जाते.

ब्रिटनमध्ये स्पर्धा आयोगाने २००३ साली या व्यवहाराची सविस्तर चौकशी करून ग्राहक अवाजवी किंमत मोजत असल्याचा निष्कर्ष काढला. २००५ च्या आदेशाने दुकानदारांना हमीची किंमत वस्तूच्या किमतीशेजारीच लावणे, लेखी दर ३० दिवस खुला ठेवणे आणि ४५ दिवसांत हमी रद्द करू देणे बंधनकारक झाले. खिडकीपाशी विचारलेल्या प्रश्नाचा जोर वेळेच्या दडपणात असतो, हे त्या आयोगाने अचूक ओळखले होते.

आपले शासन स्वतः ग्राहक असते तेव्हा ते या खिडकीपाशी कधीच जात नाही. मी अनेक वर्षे खरेदी समित्यांवर बसलो आहे. संगणक घ्यावयाचे तर तीन वर्षांची जागेवरची सर्वसमावेशक हमी निविदेतच लिहिली जाते. निविदाकार ती धरूनच दर भरतात, म्हणजे स्पर्धा हमीसह किमतीची होते. सामान्य वित्तीय नियम, २००५ नुसार पुरवठादाराकडून पाच ते दहा टक्के कार्यपूर्ती अनामत घेतली जाई, आणि ती हमीविषयक जबाबदाऱ्यांसह सर्व जबाबदाऱ्या पूर्ण झाल्यानंतरही साठ दिवस वैध राहावी लागे. सरकारी कारकुनाच्या टेबलावरच्या यंत्राला हे संरक्षण असते. त्याच कारकुनाने कर्ज काढून मुलीसाठी घेतलेल्या लॅपटॉपला ते नसते.

अलीकडे काही हालचाल झाली आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आले. २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठीचे संकेतस्थळ सुरू झाले. २०२४ साली ग्राहक व्यवहार विभागाने, हमीची मुदत खरेदीपासून नव्हे तर यंत्र बसविल्याच्या दिवसापासून मोजावी, असे उत्पादकांना सुचविले. वाढीव हमी हा वस्तूचाच भाग की स्वतंत्र सेवा, याचा खल मात्र २०२३ साली वस्तू व सेवा कराच्या परिपत्रकात झाला. महसुलाच्या नजरेतून काही सुटत नाही.

मी सरसकट 'नको' म्हणत नाही, तेही सांगतो. ज्याला एकदम दहा-पंधरा हजार उभे करणे खरोखर जड जाईल, त्याने चार हजार देऊन निश्चिंती घेणे अविवेकी नव्हे. विम्याचा उगमच तेथे आहे. मोठ्या पडद्याच्या संचाचे पॅनेल बदलण्याचा खर्च कधी कधी नव्या संचाच्या जवळपास जातो, आणि किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत यंत्रे लवकर गंजतात. अशा वेळी हमी उत्पादकाची आहे की मध्यस्थाची, पॅनेल व सर्किट बोर्ड तिच्यात येतात की वगळले आहेत, आणि आपल्या गावात सेवा केंद्र आहे की नाही, एवढे पैसे भरण्यापूर्वी लेखी मागावे. विक्रेत्याने "नंतर ईमेलवर येईल" असे म्हटले, तर तो ईमेल येईपर्यंत थांबावे.