दगड तोच, सांधा वेगळा

मुरुमच्या माणसापुढे दगडी इमारतीचे कौतुक केले, की त्याला ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आठवते. किल्लारी-उमरगा भागात जवळजवळ आठ हजार माणसे गेली आणि दोष काळ्या दगडाच्या माथी बसला.

पण पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत पाहा. १८६०च्या दशकात ती गव्हर्नरच्या पावसाळी मुक्कामासाठी बांधायला घेतली. खर्चावरून टीकाही झाली. १९४९मध्ये नव्या विद्यापीठाला तीच वास्तू मिळाली.

आमच्याकडची भिंत दुपदरी, मध्ये माती आणि दगडांचे तुकडे. पदर बांधणारे आरपार दगड बहुधा नसत. त्यावर माळवदाच्या मातीचा ओझे वाढवणारा थर. हादरा बसताच पदर सुटले. जिथे लाकडी खांबांनी छत पेलले, तिथे भिंती पडूनही ते पुष्कळदा तगले!

पुढे दुरुस्तीची रीत शिकवली गेली: भिंतीत आरपार भोके पाडून सळई-काँक्रीट भरायचे, माळवदाची माती उतरवायची. अनेकांनी मात्र दगडच टाकला.

जुने कॉलेज वाढवताना दगडी भिंतीवर मजला चढवायचा मोह होतो. त्यापेक्षा नवे दालन शेजारी बांधावे, आणि मधली फट इंजिनिअर सांगेल तेवढी ठेवावी.