बंद-चालू केलं आणि बिघडलं! सीएमएस डिटेक्टरमधला बिघाड कसा सापडला?

फोन हँग झाला की आपण पहिलं काम काय करतो? रीस्टार्ट. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. पण समजा, रीस्टार्टमुळेच फोनमधला एखादा भाग जळायला लागला तर? सर्नच्या सीएमएस डिटेक्टरमध्ये 2017 साली जवळपास हेच घडलं. बिघाड शोधायचा कसा, हे समजावण्यासाठी मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

सीएमएस म्हणजे काय?

स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर, जमिनीखाली सर्नचं 27 किलोमीटर घेराचं लार्ज हेड्रॉन कोलायडर आहे. त्यात प्रोटॉन एकमेकांवर आदळतात. टकरीतून जे कण उडतात, त्यांची नोंद सीएमएस ठेवतो. वजन सुमारे 14,000 टन, जागा जमिनीखाली साधारण 100 मीटर. मुंबईची टीआयएफआर संस्थाही या प्रयोगात सहभागी आहे.

याच्या अगदी आतल्या भागाला पिक्सेल डिटेक्टर म्हणतात. हा जवळपास कॅमेऱ्याच्या सेन्सरसारखाच, फक्त यात 12.4 कोटी पिक्सेल आहेत. सर्वांत आतला थर प्रोटॉनच्या झोतापासून फक्त 3 सेंटीमीटरवर असतो, म्हणजे रेडिएशनचा मारा जबरदस्त. 2017 च्या सुरुवातीला जुना काढून हा नवा पिक्सेल डिटेक्टर बसवला होता.

वीज कशी पोचते?

नव्या डिटेक्टरला वीज जास्त लागणार होती, पण केबल जुन्याच वापरायच्या होत्या. म्हणून केबलमधून जास्त व्होल्टेजने वीज आणायची आणि डिटेक्टरजवळ ते कमी करायचं, असं ठरलं. हे काम करतात डीसी-डीसी कन्व्हर्टर. तुमच्या फोनमधली पॉवर आयसीसुद्धा बॅटरीचं व्होल्टेज कमी करून प्रोसेसरला देते. तत्त्व तेच. सीएमएसमध्ये असे सुमारे 1200 कन्व्हर्टर होते आणि प्रत्येकात सर्नने रेडिएशन सहन करण्यासाठी बनवलेली 'फीस्ट' नावाची चिप होती.

बिघाड काय झाला?

5 ऑक्टोबर 2017 ला पहिला कन्व्हर्टर बंद पडला. मग एकामागून एक पडत गेले. वर्ष संपेपर्यंत सुमारे 5 टक्के गेले. एका कन्व्हर्टरवर अनेकदा एकापेक्षा जास्त मॉड्यूल चालतात, त्यामुळे एक गेला की डिटेक्टरच्या चित्रात थेट भोक पडायचं. टक्कर चालू असताना तिथे कुणी जाऊ शकत नाही, म्हणजे पाना घेऊन उघडून बघायचा प्रश्नच नाही. जे काही समजायचं ते वरच्या कंट्रोल रूममधल्या आकड्यांवरून.

तपास: 'काय गेलं' नाही, 'केव्हा गेलं'

नोंदी तपासल्यावर एक गोष्ट लक्षात आली. कन्व्हर्टर चालू असताना मरत नव्हते. ते बंद करून पुन्हा चालू करताना मरत होते.

मग बंद का करत होते? कारण दुसराच एक दोष. मॉड्यूलमधला डेटा क्रमाने बाहेर पाठवणारी एक चिप आहे. एखादा कण नेमका तिच्यातून गेला की एक बिट उलटतो आणि ती अडकून बसते. तिच्या एका भागापर्यंत रीसेट पोचतच नव्हता, म्हणून वीज तोडणं हा एकच उपाय. ही वीज कन्व्हर्टरला 'डिसेबल' करून तोडली जायची.

खरं कारण 2018 मध्ये प्रयोगशाळेतल्या चाचण्यांतून उलगडलं. रेडिएशनमुळे फीस्ट चिपमधल्या एका ट्रान्झिस्टरमधून थोडा करंट गळायला लागतो. चिप चालू असताना तो वापरला जातो, त्यामुळे काही बिघडत नाही. पण डिसेबल केल्यावर त्याला जायला वाट नसते. आतलं व्होल्टेज चढत जातं आणि शेवटी चिपचाच एक भाग खराब होतो. म्हणजे दोष दोन: रेडिएशनचा डोस आणि डिसेबल. दोन्ही एकत्र आले तरच नुकसान!

उपाय तीन टप्प्यांत

1. बदली: 2017-18 च्या हिवाळ्यात कोलायडर बंद असताना पिक्सेल डिटेक्टर बाहेर काढून सगळे कन्व्हर्टर बदलले.
2. सवय बदलली: 2018 मध्ये कन्व्हर्टरला डिसेबल करणं थांबवलं. गरज पडली की मागचा मुख्य वीजपुरवठाच बंद-चालू करायचा. कन्व्हर्टरला येणारं व्होल्टेजही कमी केलं. त्या वर्षी एकही कन्व्हर्टर गेला नाही.
3. मूळ दुरुस्ती: 2019 पासूनच्या मोठ्या सुट्टीत सुधारित चिपचे कन्व्हर्टर बसवले. सर्वांत आतला थरही नवा केला आणि त्यात अडकणाऱ्या चिपची दुरुस्त आवृत्ती टाकली.

दुसरा टप्पा नीट बघा. नेमकं कारण पूर्ण समजायच्या आधीच नुकसान थांबलं होतं, कारण 'केव्हा' हे कळलं होतं.

आपल्या फोनसाठी काय घ्यायचं?

फोन सारखा बंद पडत असेल तर दुकानात 'बिघडलाय' एवढंच सांगू नका. चार्जिंगला लावल्यावर पडतो का? तापल्यावर पडतो का? कुठलं ॲप उघडलं की पडतो? दोन दिवस वेळेसकट लिहून ठेवा. दुरुस्ती करणाऱ्याचं अर्धं काम तिथेच होईल आणि चांगला पार्ट उगाच बदलण्याचा खर्चही वाचेल. आणि रोज रीस्टार्ट करावा लागत असेल, तर दोष अजून आतच आहे असं समजा.