नाताळचा प्रवास : कोल्हापूरहून घाटाखाली

ज्युबिलीच्या अंकात देवळाच्या कोनशिलेची, धर्मगुरूंच्या नामावलीची आणि वाढत्या कुटुंबसंख्येची हकीकत येते, आणि ती यावयासच हवी. बाप्तिस्म्याच्या वहीत मूल जन्मल्याची नोंद सापडते. पुढे पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वेळी त्याचे नाव पुन्हा भेटते. या दोन नोंदींच्या मधल्या वर्षांत त्या मुलाने नाताळ कोठे व कोणाच्या मांडीवर बसून साजरा केला, हे मात्र कोणत्याही वहीत लिहिलेले नसते. कोल्हापूरच्या कॅथोलिक कुटुंबांच्या बाबतीत ही उणीव अधिकच जाणवते. कारण इथल्या पुष्कळ घरांतील मुलांचा नाताळ दीर्घकाळ कोल्हापुरात होतच नसे. तो घाटाखाली होई. त्या प्रवासाचा थोडासा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच आमचा हेतू आहे.

याचे मूळ आमच्या वस्तीच्या घडणीत आहे. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांनी १८५२ साली कोल्हापुरात कार्य आरंभिले, आणि त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या प्रॉटेस्टंट मंडळीतील कुटुंबे बहुतांशी याच मुलखातील. त्यांचे गाव म्हणजे दोन-चार कोसांची वाट. आम्हां कॅथोलिकांपैकी अनेकांचे तसे नव्हते. कोणी बेळगाव-खानापुराकडून, कोणी सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडून, तर कोणी थेट बारदेश-साष्टीतून पोटापाण्यासाठी वर आलेला. हिंदुस्थानातील संस्थानांच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक असत. शिवणकाम, शिकवणे, रेल्वेची चाकरी यांतही ही मंडळी सर्वत्र दिसत. नोकरी देशावर, घर घाटाखाली, अशी ही दुहेरी संसारयात्रा होती. आणि वर्षातून एकदा ती दोन टोके जोडली जात, ती नाताळात.

रेल्वे येण्यापूर्वी हा प्रवास छपराच्या बैलगाडीने व्हावयाचा. निपाणी, उत्तूर, आजरा करीत आंबोली गाठावयाची आणि तेथून घाट उतरून सावंतवाडीस जावयाचे. मुक्कामाला मुक्काम जोडीत दिवस मोडत. आंबोलीला उगम पावणारी हिरण्यकेशी आजऱ्यापाशी पुन्हा भेटते. पावसाळ्यात याच वाटेवर अतोनात पाऊस कोसळतो, पण मार्गशीर्ष-पौषात ती वाट कोरडी, थंड आणि धुक्याची असते. लहान मूल बरोबर असलेल्या मातेस हा थंडीचा मुक्काम सोपा नव्हता. गाडीत गवताची गादी, वर घोंगडी, शिदोरीला भाकरी आणि मुलांच्या हाती गुळाचा खडा, अशा बेताने कुटुंबे निघत. गूळ हा तर आमचा मानबिंदूच! नाताळाच्या सुमारास कोल्हापूरची गुऱ्हाळे भरात असतात. त्यामुळे आजोळी न्यावयाच्या वस्तूंत गुळाची ढेप पहिली असे.

पुढे सर्व चित्रच पालटले. १८८८ साली, अजून अल्पवयीन असलेल्या शाहू महाराजांच्या हस्ते कोल्हापूर संस्थानच्या रेल्वेचा शुभारंभ झाला, आणि १८९१ साली कोल्हापूर ते मिरज ही सुमारे ४८ किलोमीटरांची लहान रुळांची गाडी धावू लागली. मिरजेहून बेळगाव व लोंढ्याकडे जाणारी सदर्न मराठा रेल्वे त्याच मापाच्या रुळांची होती, आणि लोंढ्यापुढे कॅसलरॉकवरून मुरगाव बंदरापर्यंतचा पोर्तुगीज मुलखातील मार्ग १८८८ पासून खुला झालेला होता. अर्थात कोल्हापूरचे मूल आता मिरजेस डबा बदलून रुळांवरूनच समुद्रापर्यंत पोहोचू शकत होते. बैलगाडीचे दिवस उलटून आगगाडीच्या घटका मोजण्याचा काळ आला.

या प्रवासातील मुलांचे सर्वांत मोठे नवल कॅसलरॉकला सुरू होई. तेथे इंग्रज हद्द संपे. जकातीचे शिपाई सामान तपासत. आणि घाट उतरून कुळ्यास पोहोचले की पोर्तुगीज जकातीची मंडळी तेच सामान पुन्हा उलगडीत. एका देशातून दुसऱ्या देशात आपण जात आहोत, हे भूगोलाच्या पुस्तकातून नव्हे, तर आपल्याच आईचे गाठोडे दोनदा सुटताना पाहून त्या मुलांना समजे. या दोन ठाण्यांच्या मध्ये बोगद्यांचा काळोख आणि दूधसागर. सुमारे ३१० मीटर उंचीवरून कोसळणाऱ्या त्या धबधब्याच्या अगदी पुढ्यातील पुलावरून गाडी जाते. घाटाचा चढ फार तीव्र. म्हणून परत येताना मागेपुढे इंजिने जोडावी लागत. खिडकीतून हात बाहेर काढू नये, कोळशाचा कण डोळ्यात जाईल, अशी ताकीद देणारे वडील स्वतःच खिडकीबाहेर डोकावत, ही गोष्ट आम्ही आमच्या घरातील वडीलधाऱ्यांकडून इतक्या वेळा ऐकली आहे की ती खोटी असणे शक्य नाही.

सुट्टी मिळे म्हणून हे सारे घडे, हेही ध्यानी ठेवावे. इंग्रजी अमदानीत न्यायालये व कचेऱ्या नाताळात बंद राहत, आणि या सुट्टीचा उपयोग केवळ ख्रिस्ती लोकच करीत असे नाही. राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन १८८५ साली मुंबईत २८ डिसेंबरला भरले, आणि पुढे कित्येक वर्षे ती सभा नाताळाच्या आठवड्यातच भरत राहिली, कारण वकील व शिक्षक यांना तेव्हाच मोकळीक असे. एकाच आठवड्यात एका डब्यातून देशकार्यास निघालेले वकील आणि आजोळी निघालेली आमची पोरे प्रवास करीत असतील, या कल्पनेने आम्हांस मोठी गंमत वाटते.

घाटाखाली पोहोचल्यावर प्रथम भाषेचा गोंधळ उडे. कोल्हापूरच्या शाळेत मराठी शिकणारी मुले 'आजी' म्हणत. म्हातारी 'शामाय' म्हणवून घेण्यासाठी आतुरलेली असे. दोन दिवसांत मुलांच्या तोंडी कोंकणी बसे, आणि परत आल्यावर पुन्हा दोन दिवस ती जात नसे. आमच्या मते या प्रवासाची खरी कमाई हीच. प्रार्थना पुस्तकातून शिकविता येतात. पण तेर्साच्या वेळी सारे घर एका सुरात जे म्हणते, ते मुलाने त्या घरात बसूनच शिकावे लागते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात प्रथम छापले गेले आणि पिढ्यान् पिढ्या देवळांत व घरांत गाइले गेले. त्याची भाषा मराठी. देशावर शिकलेल्या नातवंडांस त्यातील मराठी शब्द कळावेत आणि कोंकणी बोलणाऱ्या आजीस त्याची चाल ठाऊक असावी, असा हा दुहेरी वारसा आहे.

गोठा रचण्याचे काम मुलांकडे असे. असिसीच्या संत फ्रान्सिसांनी १२२३ साली ग्रेच्चो येथे जिवंत बैल व गाढव उभे करून ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला. ती प्रथा जगभर पसरली आणि कोकणात येऊन तिला हिरवा रंग चढला. आठ-दहा दिवस आधी माती पसरून नाचणी पेरावयाची, रोज पाणी शिंपावयाचे, म्हणजे नाताळाच्या रात्री बाळ येशूच्या पुढ्यात खरेखुरे हिरवे शेत डुलते. पेरणीच्या वेळी जी मुले पोहोचत नसत, त्यांच्यासाठी वाफ्याचा एक कोपरा मोकळा ठेवीत. स्वयंपाकघरात तेव्हा नेवऱ्या, कुलकुल आणि दोदोल यांची झुंबड उडालेली असे. नेवरी आणि देशावरची करंजी या सख्ख्या बहिणीच. सारणात ओले खोबरे की सुके, एवढाच वाद. दोदोल मात्र तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा काळा गूळ यांचे. आमच्या पिवळ्या ढेपेने त्याला तो काळाभोर रंग येत नाही, म्हणून आपल्या कोल्हापुरी गुळाचा मान त्या एका पातेल्यापुरता कमी होई. मुलांचे हात कुलकुलात गुंतवावेत हा आजीचा शहाणपणा. फणीच्या किंवा काट्याच्या पाठीवर पिठाची गोळी दाबून वळावयाची. निम्मी वाकडी होत, तरी सर्व तळली जात.

मध्यरात्रीच्या मिस्सेला चुडी पेटवून जावयाचे. लहानगी वाटेत झोपत, आणि घंटा वाजली की खांद्यावर जागी होत. परंतु मुलांचा खरा सण आम्ही ६ जानेवारीचा मानतो. त्या दिवशी रेईश मागूश, चांदोर आणि कांसावली येथे तीन राजांचे फेस्त होते. राजे होतात ती मुलेच! जरीचा झगा, मस्तकी मुकुट, बसावयास घोडा. कांसावलीस तर कांसावली, आरोशी आणि कुवेली अशा तीन गावांचे तीन राजे वेगवेगळ्या वाटांनी टेकडीवरील कपेलाकडे येतात. आठ-दहा वर्षांच्या मुलास आपल्याएवढा राजा घोड्यावर दिसावा, यापरते धर्मशिक्षण कोणते? नोकरीमुळे वडील नववर्षानंतर लगेच परतत. आई आणि मुले हे फेस्त उरकून मागाहून येत. शाळेत दोन दिवस बुडत, हेही खरे.

काही वर्षे प्रवास लवकर सुरू होई. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन खुले होई तेव्हा ३ डिसेंबरच्या फेस्ताच्या सुमारासच कुटुंबे निघत. १८९० चे दर्शन झाले तेव्हा कोल्हापूरची गाडी सुरू व्हावयाची होती. १९०० च्या दर्शनास ती हाताशी होती. मग १९२२, १९३१, आणि पुढे १९५२. मुरगावहून खाडी ओलांडून पणजी, तेथून जुने गोवे. लांब रांगेत वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेले ते दर्शन सांगणारी माणसे आपल्यात अजून आहेत.

१९५२ चे दर्शन घेऊन परतलेल्या कुटुंबांना पुढे काय वाढून ठेवले आहे याची कल्पना नव्हती. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले होते. गोवा मात्र परक्यांच्या हाती राहिला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, त्यानंतर सीमा बंद झाली आणि कॅसलरॉकपुढची गाडी थांबली. परवान्यावाचून जाणे-येणे उरले नाही. ज्यांची घरे सावंतवाडीस, त्यांचा नाताळ अबाधित राहिला; ज्यांची घरे बारदेशात वा साष्टीत, त्यांचे १९५५ पासून १९६० पर्यंतचे सहा नाताळ आजोळाविना गेले. सत्याग्रह न्याय्य होता, यात आम्हांस तिळमात्र संशय नाही. पण त्याची किंमत तुरुंगात गेलेल्यांप्रमाणेच काही म्हाताऱ्यांनीही घरी बसून मोजली. १९५५ मध्ये जन्मलेले नातवंड १९६१ मध्ये सहा वर्षांचे झाले होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तो नाताळाच्या अवघे सहा दिवस आधी. तेवढ्या अवधीत फारच थोड्यांना पोहोचता आले. आणि पुढल्या वर्षी जी मुले पोहोचली, त्यांतील कित्येकांना दारात उभ्या असलेल्या स्त्रीची ओळख करून द्यावी लागली. काहींच्या दारात ती स्त्री नव्हतीच.

त्या सहा वर्षांत कोल्हापुरातील घरांना आपला नाताळ येथेच उभारावा लागला. गोठ्यासाठी नाचणी येथे पिकतेच. आणि माती तर दिवाळीच्या किल्ल्याची तयारच होती! कोल्हापूरचे प्रत्येक मूल दिवाळीत अंगणात किल्ला करते, त्यावर हळीव पेरते, मावळे मांडते. आमच्या घरी त्याच मातीचा डोंगर बेथलेहेमचा झाला, आणि ज्यांच्या हातची ढालतलवार मोडली होती असे मावळे मेंढपाळांच्या कामी लागले. शिवछत्रपतींचा एक घोडेस्वार काही वर्षे तीन राजांपैकी एक होता. यात कोणास अनादर वाटू नये. मुलांना दोन्ही सारखेच पूज्य होते.

पुढचा इतिहास वेगाचा आहे. १९६४ च्या दर्शनास पुन्हा कुटुंबे गेली. १९७१ च्या सुमारास पुण्याकडून कोल्हापूरपर्यंत मोठे रूळ आले, त्यामुळे गोव्याच्या लहान रुळांसाठी मिरजेस गाठोडी उतरवावी लागू लागली. १९९० नंतरच्या दशकात तो मार्गही मोठा झाला. एस. टी. ने आंबोलीची, फोंड्याची आणि गगनबावड्याची वाट धरली होतीच. आता बहुतेकजण स्वतःच्या मोटारीने जातात. २०२४-२५ च्या दर्शनास पहाटे निघून रात्री परतलेली कुटुंबे आम्हांस ठाऊक आहेत. मुले जाताना घाटात झोपलेली, येताना घाटात झोपलेली. मराठी शाळांना दिवाळीची सुट्टी लांब आणि नाताळाची बहुधा एकाच दिवसाची, मग आईबापांनी तरी काय करावे? तरीही वर्षाआड का होईना, मुलांना आठ दिवस घाटाखाली ठेवणारी घरे आपल्या धर्मग्रामात आहेत, आणि त्या मुलांना 'शामाय' हा शब्द अजून येतो.

परतताना डब्यातून नेवऱ्या व दोदोल येतात. गोव्यात फराळाचे ताट शेजारी पाठविण्याच्या रिवाजास 'कोन्सवाद' म्हणतात. इथे त्यास निराळे नाव नाही, पण ताट जातेच. शेजारणीने दिवाळीत चकल्या-करंज्या पाठविलेल्या असतात. त्या ताटाची परतफेड जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात होते, आणि शेजारची मुले दोदोलाचा काळा तुकडा हातात धरून, हे खावयाचे कसे, असे दरवर्षी नव्याने विचारतात.