गुलामगिरीच्या कादंबरीतला काळा माणूस

श्रोतेहो, कामगार चळवळीत माझी तीसएक वर्षे गेली. ह्या काळात मालकाच्या केबिनमध्ये समोर बसून मी कामगारांची दोन वर्णने पुन्हा पुन्हा ऐकली. काम मुकाट्याने चालू असले म्हणजे, ‘आमची माणसे फार साधीभोळी, खाल्ल्या मिठाला जागणारी.’ दारावर बावटा लागला, की तीच माणसे एका रात्रीत ‘गुंड’ होतात. ह्या दोहोंखेरीज एक तिसरा माणूस असतो. तो पगाराचा हिशेब मांडतो, रात्री चाळीच्या जिन्यावर चौघांशी बोलतो, मनातून भितो आणि तरीही सकाळी दारावर उभा राहतो. केबिनमधल्या बोलण्यात त्याचे नाव कधी निघत नाही. मी शाळेत फारसा गेलो नाही. जे शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर. अमेरिकेतील गुलामगिरीवरच्या कादंबऱ्या तिथे वाचू लागलो, तेव्हा केबिनमधली ती दोन वर्णने मला त्या पानांतही भेटली. तो तिसरा माणूस तिथे कोणी पाहिला आणि कोणी पाहिला नाही, हे आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

आधी थोडा इतिहास. १६१९ साली आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. १८६० च्या शिरगणतीत अमेरिकेतील गुलामांची संख्या सुमारे ४० लाख भरली. मळेवाल्यांच्या वह्यांत बैल, नांगर आणि माणसे ह्यांच्या किमती एकाखाली एक मांडलेल्या असत. चार वर्षांच्या यादवी युद्धानंतर १८६५ साली घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने ही प्रथा कायद्याने संपली. त्या मुक्तीची वार्ता पुण्यातही पोचली होती. जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण करून. तेव्हा हा विषय आपल्याला अगदीच परका नाही.

युद्धाच्या आधी ज्या पुस्तकाने खळबळ उडवली, ते म्हणजे हॅरिएट बीचर स्टो ह्या बाईंचे ‘अंकल टॉम्स केबिन’. १८५२ साली ते निघाले आणि पहिल्या वर्षातच अमेरिकेत त्याच्या ३ लाख प्रती खपल्या. त्यातला टॉम हा भरदार छातीचा, लहान मुलांचा बाप असलेला, ऐन उमेदीतला पुरुष आहे. तो धर्मभीरू आहे, मालकावर हात उचलत नाही. पण एका स्त्रीला फटके मार असा हुकूम होतो तेव्हा तो साफ नकार देतो. दोन स्त्रिया मळ्यावरून निसटतात. त्यांचा ठावठिकाणा ठाऊक असूनही तो सांगत नाही आणि त्यापायी मार खाऊन मरतो. संपाच्या काळात सहकाऱ्याचे नाव न सांगता पोलिसांचा मार खाल्लेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांना कोणी लाचार म्हटलेले मला चालणार नाही. टॉमला म्हटलेलेही चालत नाही.

मग ‘अंकल टॉम’ ही शिवी कशी झाली? ह्याचे बरेचसे श्रेय नाटकवाल्यांकडे जाते. कादंबरीवर पुष्कळ नाटके निघाली. तोंडाला काळे फासलेले गोरे नट त्यांत टॉम होऊन उभे राहत. हळूहळू ह्या टॉमचे केस पिकले, पाठ वाकली आणि तो धन्यापुढे हांजी हांजी करणारा म्हातारा झाला. ज्यांनी पुस्तक कधी उघडलेही नव्हते, त्यांनी हाच टॉम घरी नेला.

तरी सारा दोष नाटकांवर ढकलून चालणार नाही. स्टोबाईंची लेखणी दयेची होती, आणि दयेला नेहमी निर्दोष माणूस लागतो. त्याने रागावायचे नाही, उलटायचे नाही, जमल्यास मरून जायचे. त्याच कादंबरीत जॉर्ज हॅरिस नावाचा तरुण आहे. तो कारखान्यात ताग साफ करण्याचे यंत्र शोधून काढतो. ‘आपला गुलाम आपल्याहून हुशार’ हे मालकाला सोसत नाही आणि तो त्याला कारखान्यातून काढून शेतात खुरपायला लावतो. जॉर्ज पिस्तूल घेऊन पळतो आणि सुटतो. पण बंड करणाऱ्या ह्या जॉर्जला बाईंनी जवळजवळ गोऱ्या वर्णाचा केला आणि सहनशीलता पुऱ्या काळ्या टॉमच्या वाट्याला दिली. वास्तवात ज्याच्या आत्मकथनाचा आधार स्टोबाईंनी सांगितला, तो जोसाया हेन्सन पुरा काळा होता. १८३० साली दोन लहानग्यांना पाठीवरच्या झोळीत घालून, बायकोमुलांसह तो कॅनडात पळाला. तिथे त्याने मुक्त गुलामांची वसाहत उभारण्यात पुढाकार घेतला, लाकडाची गिरणी चालवली आणि तिथल्या अक्रोडाच्या फळ्या १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात मांडल्या. कादंबरीतला टॉम मेला. खरा माणूस जगला आणि कारखानदार झाला.

दुसरे चित्र ह्याहून भयंकर. युद्ध संपले, काळ्या पुरुषाला मत मिळाले आणि काल जो साधाभोळा होता तो रातोरात राक्षस ठरला. टॉमस डिक्सनच्या १९०५ च्या ‘द क्लॅन्समन’ ह्या कादंबरीत मुक्त झालेला काळा पुरुष गोऱ्या स्त्रियांवर झडप घालणारा पशू आहे, आणि मुखवटे घालून त्याचा मुडदा पाडणारे क्लॅनवाले वीर आहेत. तिच्यावरून ग्रिफिथने १९१५ साली ‘द बर्थ ऑफ ए नेशन’ हा चित्रपट काढला. कृष्णवर्णीयांच्या संघटनेने ठिकठिकाणी निदर्शने केली, पण चित्रपट तुफान चालला. त्याच वर्षी जॉर्जियात, विझून गेलेली क्लॅन पुन्हा उभी राहिली. पुढल्या काळात तिने किती घरे उद्ध्वस्त केली हे जगाला ठाऊक आहे. कादंबरी म्हणजे करमणूक, तिच्याने कोणाचे काय बिघडते, असे म्हणणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावे.

मार्गारेट मिचेलबाईंच्या १९३६ च्या ‘गॉन विथ द विंड’मध्ये दोन्ही चित्रे एकाच प्रसंगात शेजारी शेजारी आहेत. नायिकेवर हल्ला करणारा एक काळा पुरुष, आणि तिला वाचवणारा जुना इमानी बिग सॅम. हा सॅम सांगतो की स्वातंत्र्य आता पुरे झाले, वेळेवर जेवू घालणारा धनी बरा. मालकाला ऐकायला ह्याहून गोड वाक्य ते कोणते?

आता तो तिसरा माणूस. त्याला प्रथम कागदावर आणले ते स्वतः गुलाम असलेल्या लेखकाने. फ्रेडरिक डग्लस बाल्टिमोरच्या गोदीत जहाजांच्या फटी बुजवण्याचे काम करी आणि दर शनिवारी सारी मजुरी मालकाच्या हातावर ठेवी. मालकिणीने त्याला मुळाक्षरे शिकवायला घेतली, मालकाने ते बंद पाडले. मग रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना पाव देऊन त्यांच्याकडून तो वाचायला शिकला. १८३८ साली तो पळाला. १८५३ साली त्याने ‘द हिरोइक स्लेव्ह’ ही कथा लिहिली. तिच्यामागची घटना खरी आहे. १८४१ च्या नोव्हेंबरात ‘क्रिओल’ हे जहाज व्हर्जिनियातून न्यू ऑर्लिन्सच्या बाजाराकडे निघाले होते. त्यावरच्या १९ गुलामांनी मॅडिसन वॉशिंग्टनच्या नेतृत्वाखाली जहाज ताब्यात घेतले आणि ब्रिटिशांच्या नसाऊ बंदरात नेले. ब्रिटिशांच्या मुलखात गुलामगिरी उरली नव्हती. जहाजावरच्या शंभराहून अधिक माणसांना स्वातंत्र्य मिळाले. ह्या बंडाची हकीकत डग्लसने एका गोऱ्या खलाशाच्या तोंडून वदवली आहे. काळ्या माणसाच्या शब्दावर विश्वास न ठेवणाऱ्या वाचकासाठी साक्षीदारही त्याने त्यांच्यातलाच आणला.

आर्ना बोन्टेम्प्स ह्या कृष्णवर्णीय लेखकाची ‘ब्लॅक थंडर’ ही कादंबरी १९३६ सालचीच, म्हणजे मिचेलबाईंच्या कादंबरीच्या वर्षातली. तिचा नायक गॅब्रिएल हा रिचमंडजवळचा लोहार. १८०० सालच्या ऑगस्टअखेरीस त्याने बंडाचा बेत रचला. विळ्यांच्या मोठ्या पात्यांच्या तलवारी केल्या; गव्हर्नर मन्रोला ओलीस धरायचे ठरवले; गुलामगिरीला विरोध करणाऱ्या क्वेकर पंथीयांना हात लावायचा नाही असेही ठरवले. ज्याला पशू म्हणून रंगवले, तो कोणाला मारायचे नाही ह्याचा विचार करीत होता! ठरल्या रात्री प्रचंड पाऊस झाला, पूल वाहून गेले आणि दोन गुलामांनी बातमी फोडली. गॅब्रिएल ऑक्टोबरात फासावर गेला. बोन्टेम्प्सचे मोठेपण असे, की बातमी फोडणाऱ्या म्हाताऱ्या बेनलाही त्याने कुत्सितपणे रंगवले नाही. त्या म्हाताऱ्याची भीती, त्याची उबदार स्वयंपाकघराची सवय, त्याचा पश्चात्ताप, सारे समजून घेतले. फुटलेल्या माणसालाही माणूस म्हणून पाहणे किती कठीण, हे संप हरलेल्या कार्यकर्त्याला विचारा.

ह्या वाटेवर एक मोठे भांडणही झाले. १८३१ साली व्हर्जिनियात नॅट टर्नरने उठाव केला. त्यात ५० हून अधिक गोरी माणसे, बायकामुलांसकट, मारली गेली. बदल्यात उठावाशी संबंध नसलेल्या कित्येक काळ्यांचीही कत्तल झाली. १९६७ साली विल्यम स्टायरन ह्या गोऱ्या लेखकाने टर्नरच्याच तोंडी घालून कादंबरी लिहिली. तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि १९६८ साली दहा कृष्णवर्णीय लेखकांनी तिच्याविरुद्ध पुस्तक काढले. गोऱ्याने लिहू नये, एवढाच मुद्दा असता तर मी तो मानला नसता. जेम्स बाल्डविनसारखा कृष्णवर्णीय लेखक स्टायरनच्या बाजूने उभा होताच. मुद्दा पुराव्याचा होता. टर्नरला काळी पत्नी असल्याचे दाखले स्टायरनने बाजूला सारले आणि त्याच्या मनात एका गोऱ्या मुलीचा ध्यास भरला. टर्नरच्या जबानीत आईबाप आणि आजी ह्यांनी त्याची बुद्धी ओळखल्याचे येते. कादंबरीत त्याला घडवतात ते गोरे मालक. मनात शिरण्याचा हक्क लेखकाला आहे. परंतु बंडाचे कारण जुलमातून काढून वासनेत नेऊन ठेवले, की डिक्सनची सावली पुन्हा पानावर पडते.

टोनी मॉरिसनबाईंनी १९८७ च्या ‘बिलव्हेड’मध्ये ह्या साऱ्याच्या मुळाशी हात घातला. त्यात एक मळेवाला फुशारकी मारतो की, माझे गुलाम पुरुष आहेत पुरुष! तो मरतो आणि नवा कारभारी येतो. हा शिकलेला गृहस्थ आपल्या शिष्यांना एका गुलाम स्त्रीचे गुण वहीत दोन रकान्यांत लिहायला लावतो, माणसाचे एका बाजूला आणि जनावराचे दुसऱ्या बाजूला. पॉल डी नावाच्या गुलामाला मग प्रश्न पडतो, की मालकाने म्हटले म्हणून मी पुरुष होतो काय? उत्तर त्याला साखळीत मिळते. जॉर्जियात ४६ कैदी एकाच साखळीला बांधलेले असतात. पावसाने कोठड्या चिखलाने भरू लागतात. एक जरी मागे राहिला तरी सारे बुडणार. साखळीला हिसके देत, एकमेकांना इशारे करीत ते चिखलाखालून एकापाठोपाठ एक बाहेर पडतात. जी साखळी मालकाने बांधण्यासाठी घातली, तीच त्यांना एकमेकांकडे ओढून नेते. युनियन म्हणजे काय हे नव्या पोरांना समजावताना मी पुष्कळ भाषणे केली. ह्या चार पानांइतके नीट मला कधी सांगता आले नाही.

आणि तो साधाभोळा? पर्सिव्हल एव्हरेट ह्यांच्या २०२४ च्या ‘जेम्स’ ह्या कादंबरीत मार्क ट्वेनचा गुलाम जिम स्वतः बोलतो. गोऱ्यांपुढे अडाण्यासारखे कसे बोलायचे, ह्याचे तो काळ्या मुलांना रीतसर धडे देतो. भोळेपणा हे ढोंग, जगण्यासाठी शिकलेले! साहेब आत येताच खात्यातली बोलणी कशी थांबतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला हे सांगावे लागत नाही.

श्रोतेहो, डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस ह्या कृष्णवर्णीय इतिहासकाराने १९३५ सालच्या ग्रंथात यादवी युद्धाकडे पाहताना एका प्रकरणाला ‘सार्वत्रिक संप’ असे नाव दिले. युद्ध सुरू होताच मळे सोडून लाखो गुलाम उत्तरेच्या फौजांकडे चालू लागले. सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय त्या फौजेत भरती झाले. मालकांना वाटले, माणसे पळाली. डू बॉइस म्हणाला, माणसांनी काम बंद केले. घटना एकच होती. पण पहिल्या शब्दात गुलाम आहे आणि दुसऱ्यात विचार करणारा माणूस. आपल्या वाचनालयात अशी एखादी कादंबरी हाती आली, तर तिच्यातला काळा माणूस चांगला आहे की वाईट, हे आधी विचारू नका. तो आपल्या माणसांशी रात्री काय बोलतो, हे लेखकाने ऐकले आहे काय, एवढे पाहा.