लायबेरिया : स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धचा लढा

पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियात स्त्रिया व मुलींवरील लैंगिक आणि कौटुंबिक हिंसा थांबवण्यासाठी यादवी युद्धाच्या काळापासून चालत आलेली चळवळ आणि तिच्या बरोबरीने उभे राहिलेले कायदे व संस्था.

पार्श्वभूमी : १९८९–९७ आणि १९९९–२००३ या दोन यादवी युद्धांत सुमारे अडीच लाख माणसे मेली. सरकारी सैन्य आणि बंडखोर टोळ्या या दोहोंनी दहशत बसवण्यासाठी सर्रास बलात्कार केले. अनेक मुलींना पळवून नेऊन ओझी वाहायला, रांधायला आणि लढवय्यांच्या ‘बायका’ म्हणून राहायला भाग पाडले.

स्त्रियांची शांतता चळवळ : २००३ मध्ये लेमा ग्बोवी यांच्या नेतृत्वाखाली ख्रिस्ती व मुस्लिम स्त्रिया एकत्र आल्या. पांढरे कपडे घालून त्या राजधानी मन्रोव्हियाच्या मासळी बाजाराजवळ उन्हापावसात धरणे धरून बसत. घानातील अक्रा येथे वाटाघाटी रेंगाळल्या, तेव्हा त्यांनी सभागृहाची दारे अडवली. पहारेकरी अटक करायला येताच ग्बोवी अंगावरचे कपडे उतरवू लागल्या. आईसमान स्त्रीने असे विवस्त्र होणे तिथे घोर शाप मानले जाते; पहारेकरी मागे हटले. १८ ऑगस्ट २००३ रोजी शांतता करार झाला. २००६ मध्ये एलन जॉन्सन सरलीफ राष्ट्राध्यक्ष झाल्या. २०११ चे शांततेचे नोबेल पारितोषिक या दोघींना येमेनच्या तवक्कुल करमान यांच्यासह मिळाले.

कायदे व संस्था : २००६ मध्ये अमलात आलेल्या सुधारित कायद्याने बलात्काराला जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली. २००८ मध्ये मन्रोव्हियात लैंगिक गुन्ह्यांसाठी ‘क्रिमिनल कोर्ट ई’ हे स्वतंत्र न्यायालय निघाले. जानेवारी २००७ मध्ये भारताच्या केंद्रीय राखीव पोलीस दलातील महिलांची तुकडी तिथे पोचली. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतील ही पहिली संपूर्ण महिला पोलीस तुकडी होती. फेब्रुवारी २०१६ पर्यंत तिने रात्रीची गस्त घातली आणि मुलींना स्वसंरक्षणाचे धडे दिले. या काळात देशाच्या सुरक्षा दलांतील स्त्रियांचे प्रमाण ६ वरून १७ टक्क्यांवर गेले.

स्त्रियांची सुंता : ‘सांडे’ या स्त्रियांच्या पारंपरिक गुप्त मंडळात दीक्षेच्या वेळी मुलींचे जननांग छेदले जाते. विधी करणाऱ्या ‘झो’ स्त्रियांची मिळकत त्यावर अवलंबून असल्याने त्यांना अन्य कामधंदा शिकवणारी केंद्रे उभारण्यात आली. २०१९ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यातून या प्रथेवरील बंदी वगळली गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये मात्र पारंपरिक प्रमुखांच्या परिषदेनेच ती जाहीर केली.

उणिवा : बरीच प्रकरणे नातेवाईक पैसे घेऊन आपसांत मिटवतात. वैद्यकीय पुरावा वेळेत न मिळाल्याने खटले ढासळतात, तर ग्रामीण भागातील मुलीला न्यायालय गाठणेच परवडत नाही. लोक रस्त्यावर उतरल्यावर सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वेआ यांनी बलात्कार ही राष्ट्रीय आणीबाणी असल्याचे घोषित केले. युद्धकाळातील अत्याचारांचा न्यायही अपुराच आहे : माजी राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांना झालेली ५० वर्षांची शिक्षा लायबेरियातील नव्हे, तर शेजारच्या सिएरा लिओनमधील गुन्ह्यांबद्दल आहे. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडच्या न्यायालयाने बंडखोर नेता अलियू कोसिया याला बलात्कारासह युद्धगुन्ह्यांबद्दल २० वर्षांची शिक्षा दिली. मायदेशात असा खटला उभा राहावा म्हणून २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोसेफ बोआकाई यांनी विशेष न्यायालयाच्या पूर्वतयारीचे कार्यालय स्थापण्याचा आदेश काढला. युद्धात अत्याचार सोसलेल्या स्त्रिया आता वयस्क होत आहेत. त्यांच्या हयातीत निकाल लागणे ही या लढ्याची सर्वांत निकडीची मागणी आहे.