लॉरेन्स सिकमन आणि लुंगमेनची सम्राज्ञी

अमेरिकेंतील कॅन्सस सिटी येथील नेल्सन संग्रहालयाचे संग्रहपाल लॉरेन्स सिकमन यांचें नांव चिनी कलेच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. त्यांच्या कारकीर्दींतील एका प्रकरणाचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण जुने कागद व जुन्या वस्तु जमविणाऱ्या प्रत्येकास तें अंतर्मुख करणारें आहे.

सिकमन यांचा जन्म १९०७ मध्यें झाला. १९३० मध्यें हार्वर्ड विद्यापीठाची पदवी घेऊन ते शिष्यवृत्तीवर चीनला गेले. नेल्सन संग्रहालयाची इमारत त्या वेळीं उभी राहत होती व विश्वस्तांचे सल्लागार लँग्डन वॉर्नर हे सिकमन यांचे गुरु होते. त्यांच्यामार्फत पेकिंगमधील खरेदीचें काम या तरुणाकडे आलें. सुंगकालीन चित्रकार शू दाओनिंग याचें कोळ्यांचें प्रसिद्ध गुंडाळी-चित्र १९३३ मध्यें संग्रहालयांत आलें, तें याच खरेदीच्या काळांत.

होनान प्रांतांत लोयांगनजीक यी नदीच्या कांठीं लुंगमेनचीं बौद्ध लेणीं आहेत. पिन्-यांग लेण्यांच्या कामास ५२३ पर्यंत ८,०२,३६६ माणसांचे रोज लागले, अशी नोंद वेई वंशाच्या इतिहासांत आहे. त्यांपैकीं मधल्या लेण्याच्या दर्शनी भिंतीवर आंतील बाजूस सम्राट व सम्राज्ञी यांच्या मिरवणुका कोरलेल्या होत्या. सिकमन यांनीं सम्राज्ञीची मिरवणूक प्रथम पाहिली तेव्हां ती जागेवर होती. पुढें मुखें व वस्त्रांचे तुकडे फोडून नेल्याचें त्यांस आढळलें आणि तेच तुकडे पेकिंगच्या बाजारांत दिसूं लागले. त्यांत बनावट तुकडेहि मिसळलेले होते. सिकमन यांनीं खरे तुकडे निवडून विकत घेतले व ते जोडून तें शिल्प कॅन्सस सिटींत पुन्हां उभें केलें. सम्राटाची मिरवणूक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत गेली. तिच्यासाठीं तेथील संग्रहपाल अॅलन प्रीस्ट यांनीं १९३४ मध्यें पेकिंगच्या एका व्यापाऱ्याशीं लेखी करार केला होता.

या दोन व्यवहारांत भेद आहे. एकानें फुटलेलें गोळा केलें. दुसऱ्यानें अद्याप फुटावयाचें होतें त्याचा सौदा केला. सिकमन यांनीं तुकडे घेतले नसते तर ते दहा घरीं पांगले असते, हें आम्हांस मान्य आहे. परंतु फोडणाऱ्याच्या हातांत पैसा पडला तो गिऱ्हाईक होतें म्हणूनच, हेंहि तितकेंच खरें. हेतु शुद्ध असला तरी बाजार हेतु पाहत नाहीं, मोल पाहतो.

सिकमन १९३५ मध्यें संग्रहपाल व १९५३ मध्यें संचालक झाले. १९५६ मध्यें अलेक्झांडर सोपर यांच्यासह त्यांनीं चीनच्या कला व वास्तुशिल्पावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. १९७७ मध्यें ते निवृत्त झाले व १९८८ मध्यें वारले. त्यांची विद्वत्ता निर्विवाद आहे. तरी लुंगमेनच्या त्या भिंतीवरील छिन्नीचे घाव कोणत्याहि ग्रंथानें भरून निघणारे नाहींत.

दप्तरांतून सुटलेला एखादा कागद आपल्यापुढें येतो तेव्हां प्रश्न तोच असतो. तो घ्यावा कीं न घ्यावा, हें प्रसंग पाहून ठरेल. पण घेतल्यास तो कोणत्या दप्तरांतला, कोणाकडून व कसा आला, हें त्याच दिवशीं लिहून ठेवणें हा संग्राहकाचा पहिला धर्म होय, असें आमचें मत आहे.