हत्ती पाहणारा राजा : चर्च आणि उत्तर-आधुनिक विचार

उत्तर-आधुनिकता ही संज्ञा आपल्याकडे आली ती साहित्यसमीक्षेच्या वाटेने. देरिदा, फूको, ल्योतार ही नावे आपण प्रथम एम. ए.च्या वर्गात ऐकली. त्यामुळे हा सगळा वाद संहिता, वाचक आणि अर्थ यांच्यापुरताच आहे, असा समज होऊन बसला. पण ज्या संस्थेचे अस्तित्वच एका ग्रंथाच्या वाचनावर उभे आहे, त्या ख्रिस्ती चर्चमध्ये या वादापायी माणसांची पदे गेली आहेत. तेथे काय घडले हे पाहिले, तर आपल्या वर्गातल्या काही सोप्या उत्तरांची पंचाईत होते, असे आम्हांस वाटते.

आरंभ अर्थात आधुनिकतेपासून करावा लागतो. जॉन विल्यम कोलेन्सो हे दक्षिण आफ्रिकेतील नाताळचे इंग्रज बिशप. त्याआधी ते शाळांसाठी गणिताची पुस्तके लिहीत. बायबलचे झुलू भाषांतर चालले असताना जलप्रलयाची कथा आली, तेव्हा त्यांचे झुलू सहायक विल्यम न्गिडी यांनी विचारले, हे सगळे खरेच घडले काय? कोलेन्सोंना मनापासून 'होय' म्हणता येईना. मग गणिताच्या मास्तरांनी जे करावे तेच त्यांनी केले. १८६२ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ग्रंथात त्यांनी मोशेच्या पंचग्रंथातील आकडे तपासून पाहिले. इस्राएलांतील सहा लाखांवर पुरुष दर्शनमंडपाच्या दारासमोर, मंडपाच्या रुंदीत मावतील अशा ओळी करून उभे राहिले, तर रांग सुमारे २० मैल लांब जाते! केप टाउनच्या बिशपांनी १८६३ मध्ये त्यांना पदच्युत केले. १८६५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निर्णय निरर्थक ठरवला.

ही कथा श्रद्धा विरुद्ध बुद्धी अशी सांगण्याची प्रथा आहे. आम्हांस तीत दिसते ते निराळेच. भांडणाऱ्या दोन्ही पक्षांची कसोटी एकच होती : ग्रंथ खरा म्हणजे मापात बसणारा. एकाने मापून तो सदोष ठरवला, दुसऱ्याने मापायचीच बंदी केली. मापाच्या अधिकाराविषयी शंका कोणालाच नव्हती.

पुढची शंभर वर्षे इंग्लंडमधील सुशिक्षित धर्मगुरूंनी या मापाशी तह करण्यात घालवली, असे थोडे अन्यायाने म्हणता येईल. तहाचा मसुदा म्हणून १९६३ मधील 'ऑनेस्ट टू गॉड' या पुस्तकाकडे पाहावे. वुलिचचे बिशप जॉन रॉबिन्सन यांनी बुल्टमान, बोनहोफर आणि टिलिख या जर्मन विचारवंतांच्या आधारे सांगितले, की आकाशात बसलेला देव आधुनिक माणसाला आता पटणारा नाही. पुस्तक अफाट खपले. मात्र हा 'आधुनिक माणूस' नक्की कोण, हे पुस्तकात शोधू गेल्यास तो एखाद्या प्रबंधातील पात्रासारखा वाटतो. बहुधा तो केंब्रिजमध्ये शिकलेला असावा.

आणि तहावरची शाई वाळते न वाळते तोच ज्याच्याशी तह केला त्याचेच सिंहासन डळमळू लागले. १९७९ मध्ये ल्योतारने महाकथनांवरील अविश्वास हे उत्तर-आधुनिक अवस्थेचे लक्षण म्हणून सांगितले. त्या महाकथनांत बुद्धीच्या अखंड प्रगतीचेही एक होते. चर्चमध्ये हा धागा पहिल्याने निर्भयपणे ओढला तो केंब्रिजचे धर्मगुरू-तत्त्वज्ञ डॉन क्यूपिट यांनी. 'टेकिंग लीव्ह ऑफ गॉड' (१९८०) हे पुस्तक आणि १९८४ मधील 'द सी ऑफ फेथ' ही बीबीसीची मालिका यांतून त्यांनी मांडले, की देव ही भाषेबाहेर असलेली वस्तू नव्हे. धर्म ही कलेसारखीच माणसाची निर्मिती आहे, आणि तशी जाणूनही ती जगता येते. क्यूपिट विद्यापीठात सुरक्षित होते. ससेक्समधील अँथनी फ्रीमन या साध्या पॅरिश धर्मगुरूने १९९३ मध्ये अशाच विचारांचे पुस्तक लिहिले, तेव्हा १९९४ मध्ये बिशपांनी त्यांना पदावरून दूर केले. या वेळी निर्णय फिरवायला कोणतेही प्रिव्ही कौन्सिल आले नाही.

याच काळात त्याच डळमळीचा नेमका उलटा उपयोग करणारा एक म्हातारा बर्मिंगहॅममध्ये होता. लेस्ली न्यूबिगिन १९३६ मध्ये मिशनरी म्हणून तमिळ मुलखात आले, दक्षिण भारत चर्चचे बिशप झाले आणि १९७४ मध्ये निवृत्त होऊन, सपत्निक, बसगाड्या बदलत जमिनीवरच्या वाटेने इंग्लंडला परतले. भारतातील विरोधापेक्षा मायदेशातील थंड तुच्छता त्यांना अधिक बोचली. मायकेल पोलान्यी यांचे विज्ञानविषयक चिंतन हाताशी घेऊन त्यांनी उलट सवाल केला : वैज्ञानिकही एखाद्या परंपरेवर विश्वास टाकूनच पाहू लागतो ना? मग निखळ, तटस्थ बुद्धी म्हणून जी आहे, ती कोठे उभी आहे? १९९५ च्या 'प्रॉपर कॉन्फिडन्स'मध्ये तर त्यांनी बायबलचे अक्षर न् अक्षर धरून बसणारे कर्मठ आणि सुधारणावादी यांना एकाच माळेत ओवले. दोघांनाही देकार्तची संशयातीत निश्चिती हवी आहे, असे त्यांचे म्हणणे. कोलेन्सो प्रकरणाला हे किती चपखल लागू पडते!

त्यांचा सर्वांत तिखट युक्तिवाद मात्र आपल्याच घरातील गोष्टीवर आहे. आंधळे आणि हत्ती ही कथा आपण सर्वधर्मसमभावाचा पाठ म्हणून सांगतो. 'द गॉस्पेल इन अ प्लुरलिस्ट सोसायटी' (१९८९) मध्ये न्यूबिगिन विचारतात, ही गोष्ट सांगतो कोण? पाली 'उदाना'तही आंधळ्यांना गोळा करणारा राजा आहे, आणि राजाला अख्खा हत्ती दिसतो. म्हणजे 'सर्वांना सत्याचा तुकडाच मिळतो' असे नम्रपणे म्हणणारा स्वतःसाठी राजाचे आसन राखून ठेवतो. निवेदकाचे स्थान शोधायला शिकवणाऱ्या आम्हां मास्तरांच्या हे आधी ध्यानात यायला हवे होते, हे कबूल करतो.

तरी आमचे समाधान होत नाही. न्यूबिगिन म्हणतात, मी आसनावर नाही, मी एका कथेच्या आत उभा आहे. ठीक. पण इंग्रजी अमदानीत भारतात आलेल्या मिशनरीची कथा आणि तिच्या श्रोत्यांची कथा यांचे वजन सारखे नव्हते. कांचीपुरमला ते रामकृष्ण मिशनच्या संन्याशांबरोबर बसून श्वेताश्वतर उपनिषद आणि योहानकृत शुभवर्तमान आळीपाळीने वाचत. संवाद खराच सुंदर. पण आसपासच्या खेड्यांतील त्यांच्या मंडळ्यांत बहुसंख्य होते ते दलित, आणि त्यांची कथा त्या दोन्ही ग्रंथांच्या मधल्या जागेत कोठेच नव्हती.

ती मांडली मूळच्या महाराष्ट्रातील अरविंद निर्मळ यांनी. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजातील व्याख्यानात त्यांनी 'शूद्र ईश्वरशास्त्रा'ची मागणी केली. त्यातूनच पुढे दलित ईश्वरशास्त्र उभे राहिले. भारतीय ख्रिस्ती चिंतन ब्राह्मणी परंपरेशीच बोलत राहिले, हा त्यांचा आक्षेप. आणि आधार घेतला तो पंचग्रंथाचाच : 'अनुवाद' या पुस्तकाच्या २६व्या अध्यायात इस्राएली माणूस भटक्या अरामी पूर्वजाची आठवण सांगत आपली श्रद्धा कबूल करतो. निर्मळांनी त्या जागी आपला पूर्वज ठेवला. त्याला अरामी माणसाचे भटकण्याचे स्वातंत्र्यही नव्हते; त्याच्या पाऊलखुणांनी गावची वाट विटाळू नये म्हणून त्याच्या कमरेला झाडाची फांदी बांधत. ल्योतारच्या हिशेबात ही एक लहान कथा. पण निर्मळांनी ती अनेक कथांपैकी एक म्हणून सांगितलेली नाही. न्गिडींचा प्रश्न तिला विचारून पाहावा : फांदी खरेच बांधली जात होती.